आईच्या शून्य फेऱ्या

माझ्या प्रबंधातला फॉर्म क्रमांक एक आमच्याच घरचा आहे. पालघरचं घर, तीन माणसं, एक स्कूटर. स्कूटर दोन वर्षं कोणी चालवलेली नाही, पण तसा रकाना फॉर्मात नाही, म्हणून मी एक लिहिलं.

शहराची ठेवण आणि माणसांचा प्रवास असा माझा विषय. सोपं करून सांगायचं तर घर कुठे, काम कुठे, बाजार कुठे, आणि त्यापायी माणूस दिवसभरात किती, कसा नि कशासाठी फिरतो. नातेवाईक विचारतात, "म्हणजे तू ट्रॅफिकमध्ये आहेस का गं?" मी हो म्हणून टाकते. पालघरपासून बोईसर-तारापूरच्या कारखान्यांपर्यंतचा पट्टा मी अभ्यासाला घेतला, कारण मी इथेच वाढले आणि घरी राहिलं की जेवण आयतं मिळतं. प्रबंधात कारण वेगळं लिहिलं आहे.

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. घरातल्या प्रत्येकाला गाठायला सवड नसते, मग जे माणूस समोर बसेल ते सगळ्या घराच्या वतीने सांगतं. बायको काल कुठे गेली, मुलगा कशाने गेला, म्हातारी गेली का. बहुतेक ठिकाणी समोर पुरुष बसतो. ही पद्धत लंगडी आहे हे आम्हां सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे तीच वापरतात.

फॉर्म क्रमांक एक भरला तेव्हा बाबांची सुट्टी होती. ते सोफ्यावर पेपर वाचत होते. मी तालीम म्हणून त्यांनाच धरलं. त्यांचं सगळं पटापट झालं. सकाळी सातला नाक्यावरून कंपनीची बस, संध्याकाळी सहाला परत. मग मी विचारलं, "आई काल किती वेळा बाहेर गेली?"

"ती कुठं जातीय? घरातच असती की."

आई आत चहा टाकत होती. ओट्यापासून सोफा सहा पावलांवर आहे, मी कधीतरी उगाच मोजला होता. मी तिला हाक मारली नाही. रकान्यात शून्य लिहिलं. ती चहा घेऊन आली, फॉर्मावरून तिची नजर फिरली, आणि म्हणाली, "साखर बघ गं, कमी पडली असंल." बस. एवढंच. पुढे शेकडो घरी मी असंच शून्य लिहिलं आणि त्यावर एक झकास निष्कर्ष काढला, की नोकरी न करणाऱ्या बायकांचं फिरणं या पट्ट्यात नगण्य आहे. मार्गदर्शक सर खूश झाले. निष्कर्ष कसा, एका वाक्यात मावला पाहिजे, म्हणाले.

बाबा मूळचे सांगलीकडचे. तारापूरला रसायनांच्या कारखान्यात लागले आणि तिथेच केस पिकले. ते सेफ्टीत आहेत. त्यांच्या कारखान्यात यंत्र दुरुस्तीला घेतलं की ज्याच्या त्याच्या नावाचं कुलूप त्यावर लागतं, आणि ज्याची चावी त्याच्याच खिशात राहते. चावी हरवली तर शोधत बसायचं नाही, कुलूपच बदलायचं. ही शिस्त त्यांनी घरातही आणली. आमच्याकडे तीन माणसं, तीन चाव्या, दाराशेजारी तीन हुक. लहानपणी एकदा माझी चावी शाळेत राहिली तर बाबांनी दुसऱ्या दिवशी लॅच बदललं होतं. आई तेव्हा म्हणाली होती, "पोरगी बदलत नाहीत, नशीब."

भाद्रपदात एका संध्याकाळी मी बोईसरला होते. पाळी सुटायच्या वेळी कामगारांना गाठून विचारायचं असतं. एक जण मला सांगत होता, "मैडम, पैदल ही आते हैं, और क्या हवाई जहाज से आएँगे?" तेवढ्यात बाबांचा फोन आला. आई घरात नाही म्हणाले. दार बंद, कुकर ओट्यावर तसाच, वरणाची डाळ भिजत घातलेली. चपला नाहीत. फोन घरात, पर्स घरात.

मी पालघरला पोचेपर्यंत बाबा चौकीत बसले होते. हवालदार वयस्कर होता, सभ्य होता. त्याने वही उघडली आणि विचारलं, "रोज कुठं कुठं जातात त्या? देऊळ? मैत्रीण? भिशी?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाबांकडे पाहिलं.

"घरीच असते," बाबा म्हणाले.

"अहो, घरी नाहीत म्हणून तर आलात ना तुम्ही."

माझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये साठ माणसांचा दिवस होता. कोण कुठून निघालं, कुठे पोचलं, वाटेत कुठे थांबलं. माझ्या आईचा मला एक थांबा सांगता येईना. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, ते ऐकायला बरं वाटतं. त्या बाकावर बसून काहीही बरं वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर तेव्हा मला काही वाटतच नव्हतं. हवालदाराच्या टेबलावरच्या काचेखाली कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका होती, ती मी पूर्ण वाचली.

रात्री ती सरकारी दवाखान्यात सापडली. दुपारी बाराच्या सुमाराला एका रिक्षावाल्याने आणून सोडली होती. डोक्यात रक्ताची गुठळी. उजवा हात-पाय गेला होता, वाचा गेली होती. कागदावर लिहिलं होतं, अनोळखी स्त्री, भाजी विकणारी. अंगात घरातला गाऊन, त्यावर ओढणी. आमच्या भागातल्या बायका गाऊनवर ओढणी टाकून गिरणीत, दुकानात, शाळेच्या फाटकापर्यंत जातात. साडी नेसली की ते जाणं. गाऊनमधलं जाणं कोणी धरत नाही, त्या बायकाही नाहीत. ओढणीला करटोलीच्या वेलाचं एक पान चिकटलेलं होतं.

डॉक्टर तरुण होता. म्हणाला, "सोबत कोणी नव्हतं. माहिती नव्हती. लवकर कळलं असतं तर मोठ्या दवाखान्यात पाठवता आलं असतं." तो आमच्यावर चिडला नव्हता, नुसतं सांगत होता. मी मान हलवली, जणू माझ्या प्रबंधाच्याच कुठल्या प्रकरणावर त्याने शेरा मारला आहे.

तिची चावी मिळाली नाही. गाऊनच्या खिशात नाही, दवाखान्याच्या पिशवीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा दवाखान्यातून दोन तासांसाठी घरी गेले आणि लॅच बदलून आले. मला नवी चावी दिली. आईची नवी चावी तिच्या हुकाला अडकवली.  त्या माणसाला तेव्हा करण्यासारखं दुसरं होतं काय!

तीन आठवड्यांनी आईला घरी आणली. पुढचं सांगताना माझा आवाज सपाट होतो, असं मैत्रीण म्हणते. होऊ दे. मी तिला पुसत होते, कूस बदलत होते, डायपर बदलत होते, वेळ लिहून ठेवत होते. रडू येत नव्हतं. शेजारच्या बायका माझ्याकडे बघून पदर डोळ्यांना लावायच्या आणि मी त्यांना चहा विचारायचे. एक जण दुसरीला जिन्यात म्हणाली, "पोरगी दगडाची आहे." मी ऐकलं आणि दार लावून घेतलं, गॅसवर पेज होती.

पण आई जेवेना. सकाळी दोन-तीन चमचे पेज घ्यायची, आणि मग पावणेबारा झाले की काहीतरी व्हायचं. तिचा डावा हात उठायचा, दाराकडे. ती हुंकार द्यायची, मान टाकायची, पुन्हा हात. तोंडात घास दिला तर थुंकायची. डोळ्यांतून पाणी. दोन वाजेपर्यंत हे चालायचं, मग थकून पडायची आणि संध्याकाळीही काही घ्यायची नाही. घड्याळ तिच्या पलंगावरून दिसत नव्हतं. तिला पावणेबारा कसे कळायचे, देव जाणे.

एकदा मला वाटलं ती हुकाकडे हात करते आहे. मी तिची चावी काढून तिच्या हातात दिली. तिने ती बोटांनी चाचपली आणि फेकली. कोपऱ्यापर्यंत गेली चावी. बाबा म्हणाले, "मेंदूचं हाय बाळा. आपण मनाला लावून घ्यायचं नाही." मी लावून घेतलंच नव्हतं. लावायला मन कुठे होतं जागेवर.

डॉक्टरांनी सांगितलं, वजन उतरतंय. या आठवड्यात खाल्लं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि तिचा स्वभाव बघता हात बांधावा लागेल. बाबा घरी आल्यावर बराच वेळ तिच्या डाव्या हाताकडे बघत बसले. त्या हातात अजून एक बांगडी होती.

मग मला माझा धंदा आठवला. इतका उशिरा! ही बाई पावणेबाराला कुठेतरी निघायची. जिथे निघायची तिथे काहीतरी तिचं अडलं आहे. ते मिळालं तर कदाचित जेवेल. मी दुनियेच्या फेऱ्या शोधल्या, हिची एक शोधता येऊ नये? बाबांच्या सुट्टीच्या दिवशी त्यांना आईपाशी बसवलं, कोरा फॉर्म घेतला, वर लिहिलं क्रमांक एक, आणि साडेअकराला घरातून निघाले. फोनमध्ये तिचा फोटो होता.

पहिली वरच्या मजल्यावरची काकू. जिन्यातच भेटली. आई रोज कुठे जायची, विचारलं. "कुठे म्हणजे? खालीच असायच्या. गिरणीकडे जाताना दिसायच्या." मग स्वतःहून म्हणाली, "त्या दिवशी तर बाई, कहर! एक आदिवासी बाई तुमच्या दाराला टेकून बसली होती. दुपारभर. मी दोनदा विचारलं काय पाहिजे, तर म्हणते घरच्या कोणाला भेटायचंय. म्हटलं, घरात कोणी नाही, ऊठ. चांगली हाकलली. हल्ली काय सांगता येतं?" आमच्यावर उपकार केल्याच्या समाधानात ती वर गेली.

मी तिथेच पायरीवर बसले. त्या दिवशी म्हणजे कोणत्या दिवशी ते पुन्हा वर जाऊन विचारलं. त्याच दिवशी.

गिरणीवाल्याने फोटो बघताच पट्टा बंद केला. "भाभी कैसी हैं? रोज इधर से ही जाती थीं, बारा बजे के पहले. टाइम की एकदम पक्की." दळण घेऊन? "दळण तर हप्त्यात एकदा. बाकी खाली हाथ." त्याने हात करून दाखवलं, मनोर रस्त्याच्या तोंडाकडे, जिथे मासवणकडच्या बायका भाजी घेऊन बसतात. मेडिकलवाला म्हणाला, त्याच वाटेने अर्ध्या तासाने परत जायच्या, कधीकधी मीठ-साखरेची पुडी न्यायच्या, जुलाब झाल्यावर पाण्यात घालून देतात ती. कोणाला हवी असायची, घरात तर कोणाला जुलाब नव्हते? त्याला माहीत नव्हतं. मी फॉर्मात थांबे लिहीत गेले. गटाराची फरशी एका ठिकाणी फुटली आहे, तिथून रस्त्यावर उतरावं लागतं आणि डंपर खांद्याला घासून जातात. फुटपाथ म्हणून जे काही आहे त्यावर मोटारसायकली लावलेल्या. आराखडे काढणाऱ्यांना एकदा गाऊन घालून इथून चालवायला हवं, असं मी मनात म्हणाले. मग लक्षात आलं, आराखडे काढणाऱ्यांतली एक मीच आहे.

भाजीवाल्या बायका ओळीने बसल्या होत्या. पावसाळी काकड्या, भोपळे, वालाच्या शेंगा, दसऱ्याचे उरलेसुरले झेंडू. मी फोटो दाखवला. पहिलीने मान फिरवली. दुसरी म्हणाली, "मला नाय म्हाईत." तिसरीने फोटो हातात घेतला. काळीसावळी, माझ्याच वयाची असेल, कपाळावर गोंदण. तिच्या शेजारी पाण्याची भरलेली बाटली होती, गळ्यापर्यंत भरलेली, झाकण घट्ट. ती बघत राहिली, मग म्हणाली, "जिती हाय?"

"आहे."

"मंग तू तिची पोर. तू कागद घेऊन आली व्हतीस मांगं."

आले होते. खरंच आले होते. सहा महिन्यांपूर्वी याच ओळीत बसून मी हिला विचारलं होतं. गावाहून कशाने येता, टेम्पोने. किती वाजता निघता, अंधारात. परत कधी, चारच्या टेम्पोने. मी आभार मानून पुढच्या बाईकडे सरकले होते.

"तेव्हा ओळख का नाही दिली?"

"तू इचारलं नाय." तिच्याकडच्या बोलण्यात सगळ्यांनाच तू असतं, मला बरं वाटलं ते. "तुजी आय लय सांगायची तुजं. म्हनायची, माजी लेक लोकं कुटं कुटं जातात त्याचं मोटं शिकते."

मला बसावंसं वाटलं. तिने गोणपाट सरकवलं. मग तिने सांगितलं, भाजी लावता लावता, माझ्याकडे फारसं न बघता.

इथे बायांना जायला जागा नाही. जी होती तिला टाळं असतं. म्हणून ती सकाळपासून टेम्पो परत मिळेपर्यंत पाणी प्यायची नाही. ओळीतली एकही पीत नाही. बाटली भाजीवर शिंपडायला. दोन पावसाळ्यांपूर्वी तिला लघवीची आग झाली, ताप आला, तरी ती अळू घेऊन येऊन बसली होती. आई अळू घ्यायला आली. हिचा चेहरा बघून विचारलं काय होतंय. हिने सांगितलं. आईने तिथल्या तिथे गाऊनच्या खिशातून चावी काढून हिच्या हातात ठेवली. तिसरी इमारत, तळमजला, उजव्या हाताला. जाऊन ये, फ्रिजात पाणी आहे, मी बसते तुझ्या जागी. तेव्हापासून बाबा नि मी बाहेर असलो की रोज. पावणेबाराला आई यायची, चावी द्यायची, गोणपाटावर बसायची. ही आमच्या घरी जायची, परत येऊन चावी आईच्या हातात द्यायची. मग शेजारच्या दोघी पण अधूनमधून जायला लागल्या.

"इकायची बी," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली. "लय भांडायची गिऱ्हाइकाशी. मला येत नाय तसं."

माझी आई. गाऊनमध्ये, रस्त्याच्या कडेला, करटोली विकताना. आणि दोन वर्षं आमच्या घरात रोज एक परकी बाई येऊन जात होती, आमच्या मोरीत पाय धूत होती, आमच्या फ्रिजातलं पाणी पीत होती, आणि मी फॉर्मात पाहुण्यांच्या रकान्यातही शून्य लिहिलं होतं.

"त्या दिवशी काय झालं?"

"मी तुमच्या घरी व्हती. येऊन बघते तं भाजी सांडलेली, करटोली पायाखाली. म्हनाले बाय पडली, रिक्षात घातली. कुटं नेली कोनाला नाय म्हाईत. तिला इचारलं म्हने, ती बोलत नव्हती. शेजारच्या दोघी त्या दिशी आल्या नव्हत्या, लोकांना वाटलं भाजीवालीच हाय." तिने शेंगांची जुडी उगाच सोडून परत बांधली. "चावी माज्याकडं व्हती. मंग मी तुमच्या दारात जाऊन बसली. कोन तरी यील, चावी दीन, सांगन. वरची बाय आली, आरडली. मंग माजा टेम्पो व्हता."

"दुसऱ्या दिवशी आलीस?"

"आली. दार वाजवलं. वाटलं, बाय आत एकली असंल, उटता येत नसंल. म्हनून चावी घातली." तिने हवेत चावी फिरवून दाखवली. "चावी फिरली नाय. तवा मला कळलं, तुमाला कळलंय. टाळं बदललंय. मंग मी परत नाय आली."

कमरेची कापडी पिशवी काढून तिने गाठ सोडली. आतून आईची चावी निघाली, जुनी, निळ्या लोकरीचा गोंडा बांधलेली. तो गोंडा मी सातवीत केला होता. ती माझ्यासमोर धरून म्हणाली, "घे. आता नाय लागत ती."

मला राग आला. कोणाचा ते आधी कळेना. बाबांचा, वरच्या काकूचा, टाळं लावणाऱ्यांचा, आणि मग उरलेला सगळा माझा. बाबांनी चोरासाठी कुलूप बदललं आणि ते हिच्या तोंडावर लागलं. पलंगावरच्या बाईला ते माहीत नव्हतं. तिला इतकंच माहीत होतं की पावणेबारा झाले आहेत आणि कोणीतरी पाणी न पिता तिची वाट बघतं आहे. आणि मी तिच्या हातात नवी चावी दिली, तेव्हा पोरीने केलेला गोंडा तिला लागला नाही. फेकणार नाही तर काय करील!

"दीड महिना काय केलंस मग?"

"काय करनार? पयल्यासारखंच." तिने बाटली जरा मागे सरकवली. "दिवाळी झाली का आमी जानार कामाला, भिवंडीकडं. तवर हाय."

पावणेबारा होऊन गेले होते. मी पर्समधून माझी चावी काढली, नवी, बिनगोंड्याची.

"जा," मी म्हटलं. "घरी बाबा आहेत. बेल वाजवू नकोस. चावीने उघड आणि सरळ आत जा. आई पलंगावर आहे."

असं का सांगितलं, माहीत नाही. बाबांना फोन करून कळवायला हवं होतं, तेही केलं नाही. तिने चावीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि निघाली. गिरणीपाशी वळेपर्यंत मला ती दिसत होती, भराभर चालताना. मी गोणपाटावर तिच्या जागी बसले. तिथून रस्ता वेगळा दिसतो, नुसत्या चपला आणि चाकं. एक गिऱ्हाईक म्हणालं, "शेंगा कशा?" मी म्हटलं, बाई येतेय आत्ता. "मग तू कशाला बसलीस?" तो म्हणाला. बरोबर होतं त्याचं.

दहा-बारा मिनिटांनी फोन वाजला. बाबांचा आवाज दबका होता, कारखान्यात वायू गळाल्यावर असेल तसा.

"अगं, कोण बाई चावी लावून घरात शिरलीय! मी ओरडणार होतो, पण आई…"

"आई काय?"

 मागून हुंकार ऐकू येत होते, पण ते रोजचे नव्हते.

"आईनं तिचा हात धरलाय. सोडंना झालीय. ती बाई रडतीय, ही रडतीय, मला काय कळंना." मग आवाज आणखी खाली आला. "आणि ती बाई म्हणतीय, संडासला जायचंय. जाऊ देऊ का?"

"जाऊ द्या बाबा," मी म्हटलं. "ती रोज येते आपल्याकडे."

फोन बंद झाला नाही. पावलं ऐकू आली, कडी वाजली, नळ सुटला. बाबा फोन कानाला धरून तसेच उभे असावेत. मग ते स्वतःशीच म्हणाले, "मी कुलूप बदललं की गं."  

ती पाऊण तासाने परत आली. चेहरा धुतलेला, केस ओले. माझ्यासमोर उकिडवी बसली आणि नवी चावी माझ्या तळहातावर ठेवली, रोज ठेवत असेल तशी.

"तुजी आय जेवली. पेज व्हती, ती मी घातली. वाटीभर." मग जरा दटावल्यासारखं म्हणाली, "मीठ कमी व्हतं. तिला मीठ लागतं."

मला हे माहीत नव्हतं. रडू आलं, दीड महिन्यात पहिल्यांदा, भर रस्त्यात, भोपळ्यांच्या मध्ये. ओळीतल्या बायका बघत होत्या. निळ्या गोंड्याची चावी माझ्या दुसऱ्या मुठीत होती. मी गोंडा सोडवून नव्या चावीला बांधला, गाठ नीट बसेना, तिने बांधून दिली.

"उद्या बसशील?" तिने विचारलं.

"बसेन. पावणेबाराला."

तिने माझ्याकडे खात्री करून घेतल्यासारखं पाहिलं. मग भाजीवर शिंपडायची ती भरलेली बाटली उचलली, झाकण काढलं, आणि घटाघटा अर्धी बाटली प्यायली.